पाचजणींचं कार्पेट आणि सहावी मुलगी

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी नऊ वर्षांची, दोन वर्षांपासून रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला जाते. रशियाच्या ग्रुपचे व्हिडिओ ती रोज बघते आणि आईला विचारते की या ताया अशा कशा झाल्या. आईचे प्रश्न तीन आहेत. तिथल्या तरुण ग्रुप खेळाडूचं करिअर घडतं कसं आणि टिकतं किती? पुढे त्यांचं काय होतं? आणि इंडिव्हिज्युअलमध्ये, म्हणजे एकटीने खेळण्यात, जमलं नाही की ग्रुपमध्ये टाकतात, हे खरं का?

बावीस वर्षं मी मुलींना हा खेळ शिकवते आहे, त्यातली बरीच वर्षं पंच म्हणूनही बसले आहे. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर चुकलं की बाकीचं सगळं चुकतं.

ताई, लेझीम आठवा. शाळेच्या मैदानावर चाळीस मुलं खेळत असतात आणि एकाचा ठेका अर्ध्या मात्रेने मागे पडतो. चाळीसजणांतही तो एकच आपल्याला दिसतो. ग्रुपमध्ये पाचच मुली असतात, कार्पेटचा चौक तेरा बाय तेरा मीटरचा आणि वेळ सव्वादोन ते अडीच मिनिटं. त्यात प्रत्येकीच्या हातातलं साधन (हूप म्हणजे मोठं कडं, बॉल, क्लब म्हणजे छोट्या मुद्गलांची जोडी किंवा रिबन म्हणजे काडीला बांधलेली लांब फीत) आपल्या हातून सुटून दुसरीच्या हातात जात असतं. दोन रूटीन, म्हणजे संगीतावर बसवलेल्या रचना, असतात. एकात पाचहीजणींकडे एकच साधन, दुसऱ्यात तीन-दोन अशी मिसळ. रिओ ऑलिम्पिकला एकात पाच रिबनी होत्या, दुसऱ्यात दोन हूप आणि तीन क्लबच्या जोड्या. टोकियोला पाच बॉल, मग तीन हूप आणि दोन क्लबच्या जोड्या. पॅरिसला पाच हूप, मग तीन रिबनी आणि दोन बॉल.

इंडिव्हिज्युअलमध्ये चेंडू सुटला तर तो आपला सुटला. ग्रुपमध्ये गोष्ट वेगळी. एक्स्चेंज म्हणजे पाचहीजणी एकाच वेळी आपलं साधन उंच फेकतात आणि दुसरीचं झेलतात. मधल्या वेळात कोणी गिरकी घेते, कोणी जमिनीवरून कोलांटी मारून उठते. समजा माझा हूप मी हातभर आखूड फेकला. तो झेलायला समोरच्या मुलीला दोन पावलं पुढे यावं लागतं, तिची रांग मोडते, हूप तरीही पडतो. प्रेक्षकांना दिसतं की तिच्या हातून सुटला. पंचांच्या कागदावर अर्ध्या गुणापासून पूर्ण एका गुणापर्यंत कापलं जातं ते पाचहीजणींचं. आणि जिने चूक केली ती कार्पेटच्या दुसऱ्या कोपऱ्यात नीट उभी असते. हे पोटात ठेवून पुढच्या दोन मिनिटांत त्याच मुलीकडे पुन्हा विश्वासाने फेकायचं असतं. ही कला इंडिव्हिज्युअलमधल्या भल्याभल्या मुलींना जमत नाही. एकटीने स्पर्धा जिंकणाऱ्या आणि ग्रुपमध्ये आणल्यावर आठवड्याभरात परत पाठवाव्या लागलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना फेकता येत होतं, पण दुसरीसाठी फेकता येत नव्हतं.

तरी तुमच्या कानावर आलेलं अगदीच खोटं नाही. रशियात प्रत्येक मुलगी सुरुवात एकटीनेच करते. चार-पाच वर्षांची झाली की शहरातल्या क्रीडाशाळेत घालतात. पुढे श्रेण्यांची शिडी असते. लहान मुलांच्या श्रेणी, मोठ्यांच्या श्रेणी, मग ‘मास्टर ऑफ स्पोर्ट’ची उमेदवार, मग ‘मास्टर ऑफ स्पोर्ट’, त्याच्या वर आंतरराष्ट्रीय दर्जाची मास्टर. आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या परीक्षा देतात तशा या श्रेण्या स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतात, आणि गावातली मुलगीसुद्धा आपण शिडीच्या कितव्या पायरीवर आहोत ते बरोबर सांगते. पेन्झा, ओम्स्क, येकातेरिनबुर्ग अशी मॉस्कोपासून लांबची शहरं या खेळाची जुनी ठाणी आहेत. ओम्स्कने तर येवगेनिया कनायेवा दिली, इंडिव्हिज्युअलची दोन ऑलिम्पिक सुवर्णं सलग जिंकणारी.

बारा-चौदाव्या वर्षी चाळण लागते. देशात वरच्या दोघी-तिघींनाच इंडिव्हिज्युअलमध्ये जगापुढे जायला मिळणार असतं, आणि रशियात जागतिक दर्जाच्या मुली एका वेळी पंधरा-वीस तरी असतात. मग प्रशिक्षक उंची बघतात, पायांची ठेवण बघतात, संगीत कानात कसं शिरतं ते बघतात आणि काहीजणींना ग्रुपकडे वळवतात. त्या वळणावर मुली रडतात, हेही खरं. पण वळवलेली मुलगी दुय्यम असते हा समज चुकीचा. राष्ट्रीय संघाचं शिबिर मॉस्कोजवळ नोवोगोर्स्कला चालतं. राहणं, जेवण, फिजिओ, बॅले, सराव, सगळं एकाच आवारात. तिथे पोचलेली मुलगी कोणत्याही अर्थाने उरलेली नसते.

आता मुख्य मुद्दा. इंडिव्हिज्युअल खेळाडूचं करिअर क्रमांकावर चालतं, ग्रुपमधल्या मुलीचं जागेवर. कार्पेटवर पाच जागा आहेत. प्रत्येक जागेचं आपलं काम ठरलेलं आहे: कोण उंच फेकणार, कोण पाठीमागून न बघता झेलणार, कोणाला उचलणार. तुम्ही कितीही चांगल्या असा, जागा रिकामी होईपर्यंत थांबावं लागतं. जागा रिकामी कशी होते? कोणी निवृत्त होतं किंवा कोणाचा घोटा जातो. म्हणजे एकीचं करिअर सुरू होतं त्या दिवशी बहुतेक वेळा दुसरीचं संपलेलं असतं, आणि दोघी एकाच खोलीत राहत असतात. हे लहान मुलीला सांगू नका, पण तुम्हाला माहीत असू द्या.

म्हणून मी पालकांना सांगते, व्हिडिओत पाचजणी बघून झाल्या की सहावीला शोधा. सिडनीला २००० साली रशियाने ग्रुपचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं तेव्हा संघात सहा मुली होत्या. २०१२च्या लंडनपर्यंत तसंच होतं. सहावी राखीव असली तरी सगळी रूटीन तिला पाठ, आणि नुसती एका जागेची नव्हे. ऐन वेळी कुठल्याही जागेवर उभं राहता आलं पाहिजे. माझ्या मते ग्रुपमधली सगळ्यात अवघड नोकरी तीच. २०१६ला रिओत मात्र प्रत्येक देशाला पाचच मुली नेता आल्या. त्यामुळे घरी राहणारी सहावी कोण हे विमानात बसण्याआधीच ठरायला लागलं, आणि पाचजणींपैकी कोणालाही साधी सर्दी परवडेना. त्या रिओच्या संघात वेरा बिर्युकोवा होती. आदल्या वर्षी स्टुटगार्टला जगज्जेता ठरलेल्या रशियन ग्रुपमध्ये ती नव्हती. वर्षभरात ती ऑलिम्पिक विजेती झाली. तिच्याआधी कित्येक महिने दुसऱ्या कोणाच्या तरी जागेचा सराव करत बसलेल्या मुलींची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत.

रिओची अंतिम फेरी तुमच्या मुलीला जरूर दाखवा. पहिलं रूटीन रिबनचं. सीनियर रिबन सहा मीटर लांब असते आणि वजनाला इतकी हलकी की हॉलमधल्या एसीचा झोत लागला तरी वाट बदलते. रशियाला १७.६०० मिळाले, स्पेन १७.८००वर पुढे. सोळा वर्षं सुवर्ण सोडलं नव्हतं आणि आता मागून यायचं होतं. दुसऱ्या रूटीनला, हूप आणि क्लब्जच्या, त्या १८.६३३ घेऊन आल्या. बेरीज ३६.२३३, सुवर्ण. मी ते दुसरं रूटीन मुलींना शिकवताना वापरते, आणि त्यातले थ्रो बघू नका म्हणून सांगते. प्रवेश बघा. कार्पेटवर चालत येतानाचे त्यांचे पाच चेहरे बघा. अर्ध्या तासापूर्वी चूक कोणाची होती ते त्या चालीवरून ओळखून दाखवा म्हणते. आजवर कोणी ओळखलेलं नाही.

एकदा एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या सराव-हॉलमध्ये रशियन मुली वॉर्म-अप करताना पाहिल्या होत्या. मी वाट बघत होते की आता अवघड एक्स्चेंज करतील. त्यांनी अर्धा तास काय केलं, तर मुद्दाम वाकडे फेकलेले थ्रो झेलले. प्रशिक्षिका ओरडायची ‘डावीकडे’, आणि एकजण खरंच डावीकडे वाकडा फेकायची, समोरची मुलगी रांग न मोडता तो घ्यायची. चुकीचाच सराव. परत आल्यावर मी आमच्या मुलींना हेच सुरू केलं. पहिल्या आठवड्यात दोन ट्यूबलाइट फुटल्या.

करिअर किती टिकतं? सीनियर गटात यायला त्या वर्षी सोळा पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी १३ ते १५ ज्युनिअर. ज्युनिअर मुलींची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ साली मॉस्कोतच झाली. तिथल्या रशियन ग्रुपमध्ये अलिसा तिश्चेन्को नावाची मुलगी होती, २००४ची. दोनच वर्षांनी, १७ वर्षांची असताना, ती टोकियोच्या कार्पेटवर सीनियर संघात उभी होती. आणि तिच्या शेजारी होती अनास्तासिया ब्लिझ्न्यूक, २७ वर्षांची. या खेळात २७ म्हणजे आजीच. ब्लिझ्न्यूक जन्माने झापोरिझ्झ्याची, म्हणजे युक्रेनमधली. लंडनला १८व्या वर्षी सुवर्ण, मग किडनीच्या आजारामुळे खेळ सुटला, मग परत येऊन रिओला सुवर्ण, मग टोकियोला रौप्य. तीन ऑलिम्पिक. असं करिअर अपवाद आहे.

नियम बघायचा तर लंडनच्याच संघातली करोलिना सेवास्त्यानोवा घ्या. १७व्या वर्षी ऑलिम्पिक विजेती, आणि त्यानंतर थोड्याच काळात निवृत्त. आपल्याकडे ज्या वयात मुलगी बारावीचा क्लास लावते त्या वयात तिचं आयुष्यातलं सर्वांत मोठं काम उरकलं होतं. लोकांना हे वाईट वाटतं. मला तितकंसं वाटत नाही. चौथ्या वर्षी सुरुवात केलेल्या मुलीची १७व्या वर्षी तेरा वर्षांची नोकरी झालेली असते.

मधली वाट नताल्या लाव्ह्रोवाची. पेन्झाची मुलगी. सिडनीला १६ वर्षांची, अथेन्सला २० वर्षांची, दोन्हीकडे सुवर्ण. ग्रुपमध्ये दोन ऑलिम्पिक सुवर्णं असलेली ती पहिली. दोन्ही संघांत असलेली एकटीच, म्हणजे चार वर्षांत तिच्या भोवतालच्या सगळ्या जागा बदलल्या आणि ती राहिली. पुढे ती प्रशिक्षक झाली. एप्रिल २०१०मध्ये पेन्झाजवळ मोटार अपघातात गेली, सोबत बहीणही. २५ वर्षांची होती. आमच्या पिढीच्या प्रशिक्षकांनी तिच्या व्हिडिओवरून किती शिकलं याचा हिशेब नाही. कॅसेट अडकायची तरी परत परत लावायचो.

पैशाचं थोडक्यात. ऑलिम्पिक सुवर्णाला रशियन सरकारचं बक्षीस लंडनपासून ४० लाख रुबल, रौप्याला २५ लाख, कांस्याला १७ लाख. ग्रुपमध्ये ते वाटून मिळत नाही, प्रत्येकीला पूर्ण मिळतं. वर प्रदेशाचं, शहराचं वेगळं. लंडनच्या पदकविजेत्यांना क्रेमलिनबाहेर ऑडी गाड्या दिल्या होत्या. रशियात गाडी चालवायचं वय १८, आणि सेवास्त्यानोवा १७ची. घरच्यांनी कुठे उभी केली असेल कोण जाणे. पण हे पदकवाल्यांचं झालं. मास्टर ऑफ स्पोर्ट होऊन थांबलेल्या शेकडो मुलींना यातलं काही मिळत नाही. त्या क्रीडा विद्यापीठात जातात, क्लास घेतात, नृत्य शिकवतात, सर्कशीत जातात, आणि बऱ्याचजणी प्रशिक्षक म्हणून परदेशी निघून जातात. आज जगात कुठल्याही देशाच्या शिबिरात गेलात तर कोपऱ्यात रशियन बोलणारी एक प्रशिक्षिका असतेच. त्या अर्थाने करिअर संपत नाही, फक्त कार्पेटवरून उतरतं.

शरीराबद्दल मात्र घाईने सांगून चालणार नाही. पाठीला मागे इतकं वाकवणारा दुसरा खेळ नाही. कमरेच्या मणक्यांतली सूक्ष्म फ्रॅक्चर, पावलाच्या हाडांना ताणाने पडणाऱ्या चिरा, घोटा, हे नेहमीचं. दुसरं दुखणं वजनाचं. रशियन शिबिरांत वजनाच्या काट्याचा धाक किती असतो हे तिथल्या मुलींनीच निवृत्तीनंतर सांगितलं आहे. कमी खाऊन जास्त सराव केला की पाळी लांबते किंवा बंद होते, हाडं ठिसूळ होतात, आणि मग ज्याला आपण ‘अचानक झालेली दुखापत’ म्हणतो ती खरं तर वर्षभर शिजत असते. हे रशियाकडे बोट दाखवून म्हणत नाही. माझ्याही हॉलच्या कोपऱ्यात सात-आठ वर्षं काटा होता. मुलींना रांगेत उभ्या करून वजनं घ्यायचे आणि आकडे मोठ्याने सांगत वहीत लिहायचे. एका मुलीने वजन द्यायच्या दिवशी पाणी प्यायचं सोडलं होतं, आणि ते मला तिच्या धाकट्या बहिणीकडून कळलं. दुसऱ्या दिवशी काटा भंगारात दिला. तुमच्या क्लासमध्ये काटा असेल तर विचारा, कशासाठी आहे.

आता अलीकडचं. टोकियोला, ऑगस्ट २०२१मध्ये, बल्गेरियाने ९२.१०० गुणांनी सुवर्ण नेलं आणि रशियाच्या मुली ९०.७००वर थांबल्या. सिडनीपासूनची पाच सुवर्णांची माळ तुटली. इंडिव्हिज्युअलमध्येही इस्रायलची लिनॉय अश्राम जिंकली. रशियात गदारोळ झाला. मुख्य प्रशिक्षिका इरीना व्हिनर पंचांवर इतकं बोलल्या की पुढे जिम्नॅस्टिक्सच्या शिस्त समितीने त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. पंच म्हणून माझं मत विचाराल तर इंडिव्हिज्युअलच्या निकालावर वाद घालायला जागा होती, ग्रुपच्या निकालावर नव्हती. बल्गेरियाच्या मुली त्या दिवशी सरस होत्या.

त्यानंतर सात महिन्यांत सगळं चित्रच बदललं. युक्रेनवर हल्ला झाला आणि मार्च २०२२पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने रशियन खेळाडूंना स्पर्धा बंद केल्या. पुढे २०२४पासून तटस्थ खेळाडू म्हणून, म्हणजे देशाचं नाव आणि झेंडा न वापरता, दार किलकिलं झालं. पण इथे ग्रुपचा पेच बघा. पॅरिससाठी ऑलिम्पिक समितीची अट होती की तटस्थ म्हणून यायचं ते एकेकट्याने, संघ चालणार नाही. म्हणजे एकटी खेळणाऱ्या मुलीसाठी कागदावर तरी वाट होती. ग्रुपच्या मुलीला तीही नाही, कारण पाच तटस्थ मुली एकत्र उभ्या राहिल्या की तो संघ झाला. पॅरिसला चीन, इस्रायल, इटली असा क्रम लागला आणि १९९६पासून, म्हणजे ग्रुप ऑलिम्पिकमध्ये आल्यापासून, पहिल्यांदाच त्या कार्पेटवर रशियन पाचजणी नव्हत्या.

ज्या मुली २०२२मध्ये सोळा वर्षांच्या झाल्या त्यांचा विचार करा. युद्धाचा निर्णय त्यांचा नव्हता, आणि युक्रेनच्या ज्या मुलींचे हॉल बॉम्बने गेले त्यांचाही नव्हता. त्या दुसऱ्या मुलींचं दुःख मोठं आहे, यात मला शंका नाही. पण प्रश्न रशियन मुलींच्या करिअरचा आहे म्हणून सांगते: जागा मिळाली, सहावीची पाचवी झाली, आणि समोर बराच काळ फक्त देशांतर्गत स्पर्धा होत्या. तेच प्रतिस्पर्धी, तेच पंच, तेच टाळ्या वाजवणारे. ग्रुपमधली सर्वोत्तम वर्षं चार-पाच असतात. ती अशी गेली की परत मिळत नाहीत, आणि दर वर्षी खालून नव्या पंधरा वर्षांच्या मुली येतच राहतात.

तुमच्या मुलीकडे येते. रशियाचं यंत्र आपल्याकडे नाही, आणि त्यातलं सगळंच आणावं असंही नाही. भारताची रिदमिक खेळाडू अजून ऑलिम्पिकला गेलेली नाही. महाराष्ट्रात, ठाणे-मुंबईकडे विशेष, हा खेळ चांगला चालतो. पण ग्रुप उभा करणं अवघड जातं, कारण सारख्या उंचीच्या, सारख्या तयारीच्या पाच मुली एका हॉलमध्ये रोज तीन तास सापडत नाहीत. कोणाची दहावी येते, कोणाच्या बाबांची बदली होते. म्हणून नऊ वर्षांच्या मुलीला ‘तू ग्रुपची की इंडिव्हिज्युअलची’ असं विचारायचं काही कारण नाही. दोन्हींसाठी पुढची तीन वर्षं काम तेच आहे. रोज बॅलेची बार (दांडी धरून करायचा सराव), दोन्ही बाजूंनी सारखं लवचीक होणं (उजवा पाय सगळ्यांचाच चांगला असतो, डावा बघा), आणि साधनाची हातावर ओळख.

आणि रिबनची घाई करू नका. व्हिडिओ बघून सगळ्यांना आधी रिबनच हवी असते. तिला एक चांगला बॉल घेऊन द्या, तिच्या हाताला बसेल असा लहान मापाचा. सीनियरचा अठरा-वीस सेंटीमीटरचा, चारशे ग्रॅमचा आत्ता नको. घरी तिच्यासमोर तुम्ही उभ्या राहा आणि तो एकमेकींकडे टाका. तुमचा थ्रो वाकडा जाईल. तो तिने कसा घेतला, आणि घेताना तुमच्याकडे बघितलं की चेंडूकडे, ते मला पुढच्या वेळी लिहून कळवा.